दर्याकाठची वाघर

सहलीला जायचं ठरलं त्या दिवसापासूनच स्वप्नाली दमायला लागली होती. अजून गाडी ठरली नव्हती, गाव ठरलं नव्हतं. पण सहल म्हटल्यावर घरातल्या बाईला जे दिसतं ते तिला दिसायला लागलं होतं. पोरांचे कपडे, पोरांचं दूध, पोरांच्या उलट्या, आणि एवढ्या माणसांच्या पोटाचं काय. बाप्यांना सहल म्हटली की समुद्र दिसतो. डोळे देवानं सगळ्यांना सारखेच दिलेत, दिसतं ते मात्र वेगवेगळं.

बेत थोरल्या दिराचा, जालिंदरचा. त्याचं कोरेगावात खतांचं दुकान, पेठेत चार माणसांत ऊठबस, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट तो सुचवत नसे, जाहीरच करत असे. दिवाळीला म्हसवडजवळच्या घरी सगळे जमले होते, तेव्हा जेवता जेवता त्यानं जाहीर केलं की नाताळच्या सुट्टीत सगळ्या भावकीनं मिळून कोकणात जायचं. आईवडील थकत चाललेत, पोरं एकमेकांना ओळखत नाहीत, पैसा काय मेल्यावर बरोबर न्यायचाय का, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काही लागत नाही.

स्वप्नालीचा नवरा दिग्विजय कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवायचा आणि ती तिथंच एका कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी चार वर्षांच्या सोनियाला बालवाडीत सोडायचं, दीड वर्षाच्या सिद्धूला शेजारणीच्या हवाली करायचं, दिवसभर खोक्यांना पट्ट्या मारायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन दुसरी पाळी सुरू करायची. तिला सुट्टी मिळणार होती, आणि त्या सुट्टीत तिला फक्त झोपायचं होतं.

"तुमी जावा पोरांना घिऊन," ती नवऱ्याला म्हणाली. "मी घरीच पडते."

"अगं येडी का काय," दिग्विजय म्हणाला. "तिथं तू काडी इकडची तिकडं करायची न्हाईस. नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचं."

या वाक्यानं घात केला. स्वप्नालीचं माहेर आटपाडीकडचं. समुद्र तिनं पाहिला होता तो मोबाइलवरच. पाण्यात पाय सोडून बसायचं, मांडीवर पोर नाही, हातात काम नाही, मागून कुणाची हाक नाही. हे चित्र तिच्या डोक्यात जे बसलं ते उठेना. पट्ट्या मारताना ती मनातल्या मनात तिथं जाऊन बसून यायची. तेवढ्यासाठी ती आली.

आली म्हणजे आधी म्हसवडला आली. निघायच्या आधी फराळाचं करायला धाकटी सून लागतेच. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा, आणि वाटेत कुणाला भाताशिवाय जमलं नाही तर म्हणून तांदूळ आणि शेगडी. सासू बनाबाई चुलीपाशी बसून थापत होती, स्वप्नाली भाजत होती. बनाबाई तशी कमी बोलणारी बाई. मधूनच म्हणाली, "कोकणात जायचं म्हंजी असंच. आमी निघायचो तवाबी असंच बांधाबांध."

ही माणसं मूळची मेंढरांमागची. दिवाळी झाली की माणचं रान वाळायचं आणि यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि बायकापोरं, घाट उतरून कोकणात जायचा तो पाऊस तोंडावर आला की माघारी फिरायचा. भातकाढणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा, त्यावर पोट चालायचं. पोरं शिकून धंद्यानोकरीला लागली आणि सासऱ्यांनी, जोतीरामनी, हल्लीहल्लीच सगळी मेंढरं विकली. मेंढरं गेली तरी माणूस राहिलाच मेंढक्या. घरात सकाळी उठून ते अजून कुणाला तरी हाकून काढल्याशिवाय राहत नसत.

नणंदा आणि त्यांची पोरं घेऊन गाडी पहाटे निघाली, कोरेगावला थोरली जाऊ माया आणि तिची पोरं भरली आणि घाट लागायच्या आत पहिल्या पोरानं उलटी केली. एकानं केली की बाकीच्यांना कशी स्फूर्ती येते देव जाणे. स्वप्नाली मागच्या सीटवर पिशव्या, लिंबं आणि ओली फडकी घेऊन बसली होती. घाटात सगळे खिडक्यांना नाकं लावून दऱ्या बघत होते तेव्हा ती सोनियाचा फ्रॉक बदलत होती.

"आयला बसू दे की खिडकीला," बनाबाईकडं बघत कुणीतरी म्हणालं.

"आयला काय नवं?" जालिंदर पुढून म्हणाला. "तिनं आख्खं कोकण पायाखाली घातलंय. समिंदर बघून बघून कटाळली आसंल ती."

मांडीवर स्वप्नालीच्या नणंदेची छोटी निजली होती, बनाबाई तिला थोपटत राहिली.

दुपारी समुद्र दिसला. निदान बाकीच्यांना दिसला. गाडी थांबताच सगळे दोन्ही दारांनी ओसंडले, आणि स्वप्नाली सीटखालच्या चपला शोधत राहिली. ती उतरली तेव्हा समोर वाळूच वाळू होती. पाणी पार लांब, एक पांढरी रेघ हलत होती तेवढंच. तरी तिच्या छातीत काहीतरी झालं. एवढं मोठं मोकळं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सामान उतरवायचं तर ते ठेवायचं कुठं यावर मतं निघाली. जालिंदरला नारळीच्या सावलीत ठेवायचं होतं. पण मुक्काम कुठं टाकायचा हे या घरात एकच माणूस ठरवत आलेला होता, आणि तो काठी घेऊन आधीच पुढं निघाला होता. जोतीरामनी सुक्या वाळूत काठी रोवली, ती कलंडली. "भुसभुशीत हाय. मेख ठरायची न्हाई." आणखी खाली गेले, पुन्हा रोवली. असं करत करत ते पाण्याच्या दिशेनं बरंच खाली गेले, जिथं वाळू ओली, सपाट आणि टणक होती. काठी घट्ट उभी राहिली. "हितं," ते म्हणाले. "जागा कशी शेणानं सारवल्यावानी हाय."

आणि मग त्यांनी ती वस्तू बाहेर काढली जी त्यांनी कुणाला न सांगता गाडीच्या मागच्या कप्प्यात टाकली होती. वाघर. मेंढरं रात्री कोंडायची दोरीची जाळी, गोल लावली की आत कोकरू सुरक्षित आणि बाहेर लांडगा उपाशी.

"आवं मामा, हे कशाला?" माया म्हणाली.

"लेकरं कोंडायला," जोतीराम म्हणाले. "एवढी लहान लेकरं, एवढं पानी. कुनाचं ध्यान ऱ्हाईल?"

सगळे पोट धरून हसले, पण म्हाताऱ्याचं म्हणणं कुणाला खोडता येईना. दगडानं मेखा ठोकल्या, जाळी ताणली, आत सतरंज्या अंथरल्या, मधोमध बॅगा, डबे, शेगडी. रांगती-चालती पोरं आत सोडली. आजूबाजूचे पर्यटक फोटो काढायला लागले. नीरा विकणारा एक माणूस जाता जाता जोतीरामना म्हणाला, "आजोबा, जरा वर घ्या बस्तान. पाणी येईल."

"कुठलं पानी येतंय," जोतीराम म्हणाले. "ते बघा कुठं गेलंय."

जोतीराम बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण ते सगळं विहिरीचं आणि ओढ्याचं. माणदेशात पाणी जातं ते जातंच. गेलेलं पाणी माघारी येतं हे त्या मुलुखात कुणाच्या आज्यानं पाहिलेलं नव्हतं. मेंढरं घेऊन ते कोकणात उतरायचे ते डोंगरालगतच्या भातखाचरांत. दर्याची आणि त्यांची ओळख उभ्या उभ्याची.

जेवणं झाली. वाढलं कुणी ते सांगायला नको. मग बाप्ये आणि मोठी पोरं आरडत पाण्याकडं पळाली, नणंदा साड्या खोचून मागोमाग गेल्या. स्वप्नालीनं भांडी पुसली, पदर खोचला आणि निघाली. दिग्विजय लांबून हात हलवत होता. ती अर्ध्यात पोहोचली आणि मागून सोनियाची हाक आली. तिला शी लागली होती.

सोनियाला वर झाडीत नेऊन आणून ती पुन्हा निघाली. या खेपेला पाण्याचा आवाज नीट ऐकू यायला लागला होता. पायाखालची वाळू गार झाली होती. तेवढ्यात जालिंदर समोरून भिजून आला. "बरं झालं आलीस. जरा च्याचं बघ की. लय गारठलो." ती तशीच वळली. चहा झाला. तिसऱ्यांदा सिद्धू उठून रडायला लागला. चौथ्यांदा तिनं निघायचंच सोडून दिलं. माणूस किती वेळा हसतमुखानं माघारी फिरेल?

मग जाहीर झालं की खाडीपलीकडं होडीची फेरी आहे, आणि त्या बाजूच्या देवळात दर्शनही होईल. होडीत तान्ही लेकरं घेत नाहीत. सिद्धू आणि नणंदेची छोटी दोघं जाळीत झोपली होती. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि फिरत फिरत सगळ्यांच्या नजरा स्वप्नालीवर येऊन थांबल्या.

"तू ऱ्हातीस न्हवं?" माया म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. धाकटी सून घरात यायच्या आधी अशा सगळ्या ठिकाणी तीच मागं राहिली होती, आणि आता तिची पाळी संपली होती एवढंच. "आत्याबी हायतच सोबतीला. त्यांना काय नवं न्हाई."

स्वप्नालीनं नवऱ्याकडं पाहिलं. दिग्विजयनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, मग सोनियाचा हात धरला. "येतो बघ लगीच," तो म्हणाला आणि वळला.

सगळे गेले. वाळूवर दोघी उरल्या, दोन झोपलेली पोरं आणि सामानाचा डोंगर. स्वप्नालीला इतका थकवा आला की रडायचीही उठबस नको वाटली. जाळीला पाठ लावून ती बसली आणि डोळे मिटले. मिटल्यावर तिला कळलं की तिला राग आलाय. नवऱ्याचा नाही, दिराचा नाही, स्वतःचाच. एवढ्याशा शब्दावर आपण भुललो याचा.

"पाय लावून आलीस का पान्याला?" बनाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मीबी न्हाई."

"तुमचं काय आत्या. तुमी लय बघितलाय की."

बनाबाई जाळीची एक गाठ चाचपत होती. ती चाचपतच म्हणाली, "कुनी सांगितलं तुला?"

स्वप्नालीनं डोळे उघडले.

"पोरगी व्हते तवापास्नं कोकणात उतरले," बनाबाई म्हणाली. "लगीन झाल्यावर दर साली. ह्यो जालिंदर हिकडंच झाला, भाताच्या खाचरात. पर समिंदर डोंगरापल्याड ऱ्हायचा. वारा फिरला की वास यायचा नुसता. यकदा बाप्ये मिळून बघाय गेले. बाया म्हनाल्या, आमीबी येतो. तर म्हनले, मग बिऱ्हाड कुनी बघायचं? मेंढरं, कोकरं, पोरं. खरंच हाय, बिऱ्हाड सोडून कसं जायचं." तिनं गुडघा चोळला. "सांच्याला आले. तुज्या सासऱ्याचं धोतर वाळून कडक झालेलं. मीठ धरलं व्हतं त्याला. दुसऱ्या दिवशी मी ते विहिरीवर नेऊन धुतलं. तेवढाच माजा समिंदर."

"आन मग कुनाला बोलला न्हाई तुमी?"

"कुनी इचारलं तर बोलायचं. सगळी धरूनच चाललीत. मीबी म्हनलं, असंल, बघितला आसंल."

म्हसवडच्या चुलीपासून इथवर स्वप्नाली स्वतःला या घरातली सगळ्यात दमलेली बाई समजत आली होती. शेजारी बसलेल्या बाईच्या दमण्याला तर हिशेबच नव्हता. तिला सासूची कणव आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आणखी तीस वर्षांनी असंच कुठल्या तरी सामानापाशी आपण बसलेलो असू, आणि कुणीतरी म्हणेल, हिला काय नवं नाही.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी बसते पोरांपशी. जावा, पाय बुडवून या."

"माजं गुडघं कुठं चालत्यात एवढ्या लांब. तू जा. मी हाय."

"मी न्हाई जायची तुमाला सोडून."

"अगं जा म्हनते न्हवं."

"तुमी आधी."

असा वाद घालत दोघी बसल्या, आणि दोघींपैकी कुणीच पाण्याकडं बघितलं नाही. माणदेशातल्याच बायका त्या. पाणी कुठं गेलंय ते त्यांनी आल्या आल्याच बघून ठेवलं होतं.

आधी सतरंजीची कड काळी पडली. स्वप्नालीला वाटलं सिद्धूनं ओली केली. मग एक पातळ पापुद्रा सळसळत जाळीच्या गाठींतून आत आला, डब्यांना शिवला आणि आल्यासारखा परत गेला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. पुढचा आला तो चपला उचलूनच.

स्वप्नाली उठली. सिद्धूला एका काखेत, नणंदेच्या छोटीला दुसऱ्या काखेत मारून ती वर सुक्या वाळूकडं पळाली. नारळीखाली कोकम सरबत विकणारी एक बाई बसली होती. तिनं काही न विचारता पोरांना आपल्या चटईवर घेतलं आणि म्हणाली, "त्या नीरावाल्यानं सांगितलं होतं ना तुमच्या आजोबांना." स्वप्नाली तशीच सामानासाठी खाली धावली. पाणी काही फार नव्हतं, घोट्याच्या वर. पण बॅगा भिजत होत्या, चिवड्याचा डबा तरंगायला लागला होता आणि जोतीरामची वाघर मात्र ताठ उभी होती. एकही वस्तू तिनं बाहेर जाऊ दिली नव्हती. मेखा खरोखर चांगल्या ठरल्या होत्या.

तिनं सगळ्यात जड बॅग उचलली आणि सासूला हाक मारायला वळली.

बनाबाई जाळीबाहेर उभी होती. एका हातानं मेख धरलेली, नऊवारीचा काठ पाण्यावर पसरलेला. ती पायांकडं बघत होती. लाट येऊन गेली की टाचांखालची वाळू सरकायची आणि ती किंचित हलायची. मग मेखेला धरून धरून, गुडघ्यांची समजूत काढत, ती खाली बसली. सरळ पाण्यात.

"आत्या, उठा. लुगडं भिजलं सगळं."

"भिजू दे," बनाबाई म्हणाली. "मी न्हाई गेले तर त्योच आला बघ."

स्वप्नालीच्या हातात बॅग होती. भिजून ती दुप्पट जड झाली होती, खांदा ओढत होता. वरती सुकी वाळू होती, अशा पाच-सहा खेपा केल्या तर बरंचसं सामान वाचलं असतं. एरवी तिनं केल्या असत्या. तिनं वर पाहिलं, दोन्ही पोरं सरबतवालीच्या चटईवर बसून पेला चाटत होती. तिनं बॅग होती तिथं, जाळीच्या आत, पाण्यात ठेवून दिली. आणि सासूच्या शेजारी पाय पसरून बसली.

पाणी गार होतं. पोटापर्यंत आलं, गेलं. मांडीवर कुणी नव्हतं. हातात काही नव्हतं. तिला वाटलं होतं आनंद होईल, तसं काही झालं नाही. फक्त अंगातला सगळा शीण वर आला आणि डोळ्यांतून वाहायला लागला. समुद्राकाठी रडायचं एक बरं असतं, तोंड खारट झालं तरी कुणाला कळत नाही.

हाक मात्र आलीच. लांबून सगळी वरात पळत येत होती, सगळ्यांच्या पुढं जालिंदर. "सामान," तो ओरडत होता. "अरं सामान गेलं. माजा चार्जर हाय त्यात." मागून माया, नणंदा, पोरं. नणंद पोरं कुठं म्हणून किंचाळली, तशी सरबतवालीनं वरून हात केला. दिग्विजय सोनियाला कडेवर घेऊन धापा टाकत समोर येऊन उभा राहिला.

"अगं उठ की. बघत काय बसलीस?"

स्वप्नालीनं वर पाहिलं. आवाज चढवायचीही तिच्यात ताकद नव्हती, म्हणून साध्या आवाजात म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता. काडी इकडची तिकडं करायची न्हाई. नुसतं पान्यात पाय सोडून बसायचं."

दिग्विजयनं सोनियाला खाली ठेवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गुपचूप जाळीत शिरून शेगडी उचलली. ते बघून जालिंदर शिरला. घरातले बाप्ये ओझी वाहताना बघून आजूबाजूच्यांनी पुन्हा फोटो काढले.

माया कडेला घुटमळत उभी होती. बॅगा उचलाव्यात की काय ते तिला ठरवता येईना. शेवटी तीही येऊन स्वप्नालीच्या पलीकडं टेकली.

सगळ्यात मागून जोतीराम आले. त्यांनी पाण्यातल्या आपल्या मेखा पाहिल्या, मग समुद्राकडं पाहिलं. "माघारी आलं व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांना पाण्यात बसलेली बायको दिसली. "अगं, ऊठ की. सर्दी हुईल. लुगडं बघ कसं झालं."

बनाबाई उठली नाही. तिनं ओला पदर हातात घेऊन नीट पिळला, पुन्हा पाण्यात सोडला.

"सांच्याला वाळून कडक हुईल," ती म्हणाली. "मीठ धरंल त्याला. तेवढं उद्या विहिरीवर नेऊन धुवा."

जोतीराम काठी धरून तसेच उभे राहिले. कोणतं धोतर, कोणती विहीर, हे त्यांना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली, काठी वाळूत रोवली आणि वाकून पहिली मेख उपटायला घेतली.